सर चार्ल्स टपर : वैद्य आणि मुत्सद्दी

इतिहासाच्या तासाला एका विद्यार्थ्याने आम्हांस एकदा असे विचारले की, ज्याने मोठ्या कष्टाने वैद्यकीचे शिक्षण घेतले, त्याने पुढे राजकारणात पडणे म्हणजे त्या शिक्षणाची नासाडी नव्हे काय? प्रश्न चांगला होता. परंतु तेवढ्यात घंटा झाली आणि आमचे उत्तर अर्धेच राहिले. ते पुरे करण्याचे ऋण आज ह्या अंकात फेडावे असे आम्ही योजिले आहे. नुसत्या तत्त्वचर्चेने असल्या प्रश्नाचा उलगडा होत नाही. म्हणून ज्यांनी हे दोन्ही व्यवसाय आयुष्यभर केले, त्या सर चार्ल्स टपर ह्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

कॅनडा देशाच्या पूर्व टोकास, अटलांटिक महासागराच्या काठी, नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. ह्या प्रांतातील अ‍ॅम्हर्स्ट गावी २ जुलै १८२१ रोजी चार्ल्स टपर ह्यांचा जन्म झाला. वडिलांचेही नाव चार्ल्सच होते. ते बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. पाळकाचे वेतन ते किती असणार! घरात पैसा नव्हता. पण पुस्तके होती, आणि ती वाचणारा बाप होता. ह्या गृहस्थांस भाषा शिकण्याचा मोठा नाद असे, आणि कोणा पंडिताच्या साहाय्यावाचून त्यांनी पुष्कळ भाषा आत्मसात केल्या होत्या. मुलाचे पहिले शिक्षक तेच झाले. पुढे गावच्या शाळांतून थोडे शिक्षण झाल्यावर वयाच्या सोळाव्या वर्षी चार्ल्स वुल्फव्हिल येथील हॉर्टन अकॅडमीत दाखल झाला. ही शाळा बॅप्टिस्ट लोकांनी स्थापिली होती. तेथे लॅटिन, ग्रीक व थोडी फ्रेंच शिकून तो बाहेर पडला आणि शेजारच्या न्यू ब्रन्स्विक प्रांतात काही काळ त्याने शिक्षकाचे काम केले. एवढा मोठा पुरुष थोडे दिवस का होईना आमच्याच व्यवसायात होता, ह्याची नोंद आम्ही अभिमानाने करतो!

परंतु त्याचे मन वैद्यकीकडे ओढ घेत होते. त्या काळी नोव्हा स्कोशियात वैद्यकीचे महाविद्यालय नव्हते. होतकरू मुलाने एखाद्या डॉक्टरापाशी उमेदवारी करावी आणि ऐपत असल्यास समुद्र ओलांडून स्कॉटलंडला जावे, अशी रीत होती. चार्ल्सने विंडसर गावी एका डॉक्टरापाशी उमेदवारी केली, आणि १८४० मध्ये कर्जाऊ पैसे घेऊन तो एडिंबरोस गेला. तेथील विद्यापीठाची कीर्ती तेव्हा सर्व जगभर होती. तीन वर्षांनी, १८४३ मध्ये, एम्. डी. ची पदवी घेऊन तो परत आला. तेव्हा त्याचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

येथून पुढे त्यांस डॉक्टर टपर म्हटले पाहिजे. अ‍ॅम्हर्स्ट गावी त्यांनी दवाखाना घातला आणि १८४६ मध्ये गावातील एका जुन्या घराण्यातील फ्रान्सिस मोर्स ह्या कन्येशी विवाह केला. त्या प्रांतातील वस्ती विरळ, रस्ते वाईट आणि हिवाळा अतिशय कडक. रोगी दवाखान्यात येत नसे. डॉक्टरासच घोड्यावर बसून किंवा बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाडीतून त्याच्या दारी जावे लागे. अशी बारा वर्षे गेली. ह्या बारा वर्षांत कंबरलंड परगण्यातील कोळ्याची झोपडी, शेतकऱ्याचे घर आणि लाकूडतोड्याचा तळ डॉक्टरांच्या पायाखालचा झाला. कोणाच्या घरी काय दुखते आणि ते का दुखते, हे त्यांस जितके ठाऊक होते तितके राजधानीतील कोणाही पुढाऱ्यास ठाऊक नव्हते.

त्या वेळी नोव्हा स्कोशियात दोन पक्ष होते. एक लिबरल, म्हणजे उदारमतवादी. आणि दुसरा कॉन्झर्व्हेटिव्ह, ज्यास मराठी वर्तमानपत्रे हुजूर पक्ष म्हणत असत. लिबरल पक्षाचे अग्रणी जोसेफ हाउ हे होते. वर्तमानपत्राचे संपादक, अप्रतिम वक्ते आणि प्रांतास जबाबदार राज्यपद्धती मिळवून देणारे म्हणून लोक त्यांस डोक्यावर घेत. १८५५ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने कंबरलंड परगण्यात ह्या हाउंच्या विरुद्ध आपल्या गावच्या डॉक्टरांस उभे केले. सिंहापुढे कोकरू सोडावे तसे लोकांस वाटले असेल. पण निकाल लागला तेव्हा हाउ पडले होते आणि डॉक्टर टपर निवडून आले होते!

पक्ष मात्र प्रांतभर हरला होता. पराभवाने खचलेल्या वडील मंडळींस ह्या तरुण डॉक्टराने दोन उपाय सुचविले. प्रांतात आगगाडीचे रस्ते बांधण्यास विरोध करणे सोडावे, हा एक; आणि रोमन कॅथलिक लोकांशी चाललेले वैर टाकून त्यांस जवळ करावे, हा दुसरा. प्रॉटेस्टंट पाळकाच्या मुलाने ही गोष्ट बोलावी हे त्या काळी सोपे नव्हते. १८५७ मध्ये पक्षाच्या हाती सत्ता आली आणि टपर प्रांताचे चिटणीस झाले. तेव्हा ते हॅलिफॅक्स शहरी राहावयास गेले. पण दवाखाना त्यांनी सोडला नाही. तेथील रुग्णालयात ते शस्त्रवैद्य होते, १८५९ मध्ये ते शहराचे वैद्यकीय अधिकारी झाले, आणि १८६३ मध्ये प्रांताच्या वैद्यकीय मंडळाचे अध्यक्षपदही त्यांजकडे आले.

आता त्यांच्या आयुष्यातील जी गोष्ट आम्हां शिक्षकांस आणि पालकांस विशेष जवळची वाटावी, ती सांगतो.

१८६१ च्या खानेसुमारीत नोव्हा स्कोशियाची लोकसंख्या सुमारे ३ लाख ३० हजार भरली, आणि त्यांतील लिहितावाचता न येणाऱ्यांची संख्या पाहून विचारी माणसे चकित झाली. शाळा नव्हत्या असे नाही. परंतु ज्याचे मूल शाळेत जाई त्याने वर्गणी द्यावी, अशी पद्धत असे. ज्यास देता येईना त्याचे मूल घरी राही. वर्गणी पुरेशी न जमल्यास शाळा काही महिने चाले आणि मग बंद पडे. शिक्षकाने आज ह्या घरी, उद्या त्या घरी असे पाळीपाळीने राहावे व जेवावे, आणि तेच आपल्या वेतनाचा भाग समजावे, हा प्रकारही सर्रास चाले. रोग सर्वांस दिसत होता. औषधही जाणत्यांस माहीत होते. ते औषध म्हणजे शाळापट्टी. मूल असो वा नसो, मालमत्ता असलेल्या प्रत्येकाने कर द्यावा आणि त्यातून सर्व मुलांसाठी मोफत शाळा चालवाव्या. पण हे औषध फार कडू होते. जो पुढारी ते पाजील त्यास मतदार घरी बसवितील, ह्या भयाने आजवर कोणी बाटलीचे बूच काढले नव्हते.

१८६४ मध्ये टपर ह्यांनी ते काढले. त्या वर्षी त्यांच्या पुढाकाराने मोफत शाळांचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी ते प्रांताचे मुख्य प्रधान झाले. पहिल्या कायद्यात पट्टी बसविणे लोकांच्या खुशीवर ठेविले होते. लोकांची खुशी किती असते हे वर्षभरात कळून आले. तेव्हा १८६५ मध्ये त्यांनी कायदा दुरुस्त करून पट्टी सक्तीची केली. विरोधी पक्षाचे पुढारी अ‍ॅडम्स आर्चिबाल्ड ह्यांना ह्या प्रश्नावर टपर ह्यांस खाली ओढण्याची उत्तम संधी होती. परंतु पट्टीचे तत्त्व त्यांसही मान्य असल्यामुळे त्यांनी ह्या कामी टपर ह्यांस पाठिंबा दिला. प्रतिस्पर्ध्याच्या हातून झालेले चांगले काम चांगले म्हणण्यास मोठे मन लागते, आणि आर्चिबाल्डांपाशी ते होते.

दुसरी अडचण धर्माची होती. कॅथलिक लोकांस सरकारी पैशावर आपल्या वेगळ्या शाळा हव्या होत्या. टपर ह्यांनी ते मान्य केले नाही. पण त्यांची भीतीही त्यांनी झिडकारली नाही. शिक्षणाचा कारभार प्रांताच्या मंत्रिमंडळाकडेच राहील अशी त्यांनी व्यवस्था केली. मंत्रिमंडळात कॅथलिक गृहस्थ नेहमीच असत. म्हणून त्यांचा शब्द तेथे ऐकला जाईल ह्याची खात्री झाली.

करामुळे लोक रागावले, आणि तो राग पुष्कळ दिवस टिकला. ज्यांस मुले नव्हती ते म्हणत, आम्ही का द्यावे? ज्यांस होती त्यांतील कित्येक म्हणत, आम्ही शिकलो नाही म्हणून आमचे काय अडले? टपर ह्यांनी बोलणी खाल्ली, पण कायदा मागे घेतला नाही. शाळा वाढल्या, मुलांची दाटी झाली, आणि पुढे जे सरकार त्यांस पाडून अधिकारावर आले त्यासही मोफत शाळा बंद करता आल्या नाहीत. औषध लागू पडले होते.

ह्याच सुमारास त्यांनी ह्याहूनही मोठे कार्य हाती घेतले. उत्तर अमेरिकेतील ब्रिटिश वसाहती तेव्हा वेगवेगळ्या होत्या. त्यांचे एक राष्ट्र व्हावे ह्यासाठी सप्टेंबर १८६४ मध्ये शार्लटटाउन येथे आणि ऑक्टोबरात क्वीबेक येथे परिषदा भरल्या. नोव्हा स्कोशियाच्या वतीने टपर त्यांत प्रमुख होते. कॅनडाचे जॉन मॅकडोनाल्ड ह्यांच्याशी त्यांची मैत्री जमली आणि ती पुढे जन्मभर राहिली. परंतु घरी परत आल्यावर त्यांस दिसून आले की, आपल्या लोकांस हे ऐक्य नको आहे. लहान प्रांत मोठ्या प्रांतांच्या पोटात गडप होईल आणि कर वाढतील, अशी लोकांस धास्ती होती. जोसेफ हाउ ह्या विरोधाचे सेनापती झाले.

येथे टपर ह्यांनी जे केले त्याविषयी आम्ही वाचकांपासून काही लपवू इच्छित नाही. न्यू ब्रन्स्विकात हाच प्रश्न घेऊन १८६५ मध्ये निवडणूक झाली होती आणि ऐक्यवाद्यांचा धुव्वा उडाला होता. ते पाहून टपर ह्यांनी लोकांस विचारलेच नाही. एप्रिल १८६६ मध्ये विधिमंडळात त्यांनी ठराव मांडला. तो ३१ विरुद्ध १९ मतांनी मंजूर झाला, आणि तेवढ्या बळावर ते लंडनला वाटाघाटीस गेले. १ जुलै १८६७ रोजी कॅनडाचे संयुक्त राष्ट्र अस्तित्वात आले. दुसऱ्या दिवशी टपर ह्यांस शेहेचाळीस वर्षे पूर्ण झाली.

लोकांनी त्यांस उत्तर दिले ते त्याच वर्षी सप्टेंबरात. कॅनडाच्या लोकसभेत नोव्हा स्कोशियाच्या १९ जागा होत्या. त्यांपैकी १८ जागा ऐक्याच्या विरोधकांनी जिंकल्या. उरलेल्या एका जागेवर टपर स्वतः निवडून आले. प्रांताच्या विधिमंडळात ३८ पैकी ३६ जागा विरोधकांस गेल्या. शाळापट्टीचा राग आणि ऐक्याचा राग एकाच वेळी पेटीतून बाहेर पडला.

शाळापट्टीच्या वेळी आणि ऐक्याच्या वेळी टपर एकाच रीतीने वागले. दोन्ही वेळा लोकांच्या मनाविरुद्ध त्यांनी औषध पाजले. मग एकाची आम्ही स्तुती करावी आणि दुसऱ्यास दोष द्यावा हे कसे? आम्हांस असे वाटते की, शाळेचा कायदा वाईट ठरता तर पुढील विधिमंडळास तो रद्द करता आला असता. लोकांच्या हाती उपाय होता. ऐक्याची गोष्ट तशी नव्हती. ती एकदा झाली की परत फिरवता येण्याजोगी नव्हती. ज्या शस्त्रक्रियेनंतर मागे फिरता येत नाही, तिच्यापूर्वी चांगला वैद्य रोग्याची संमती घेतो. डॉक्टर टपर ह्यांस दवाखान्यात हे ठाऊक होते. प्रधान टपर ह्यांस ह्या प्रसंगी त्याचा विसर पडला. कॅनडा मोठे राष्ट्र झाले हे खरे. पण नोव्हा स्कोशियाच्या मनातील ती कळ पुष्कळ वर्षे गेली नाही.

तथापि पुढे त्यांनी जे केले त्याने त्या दोषाची बरीच भरपाई झाली. नव्या राष्ट्राच्या पहिल्या मंत्रिमंडळात त्यांचा हक्क मोठा होता. परंतु आयरिश कॅथलिकांस प्रतिनिधी मिळावा व सर्व प्रांतांचा तोल साधावा म्हणून त्यांनी आपली जागा सोडली, आणि ती नोव्हा स्कोशियातील एडवर्ड केनी ह्या कॅथलिक गृहस्थांस मिळाली. १८६८ मध्ये हाउ हे ऐक्य मोडावे अशी मागणी घेऊन लंडनला गेले. तेव्हा टपरही त्यांस उत्तर देण्यासाठी तेथे गेले. तेरा वर्षांचे वैरी परमुलखात समोरासमोर आले. टपर स्वतः हाउंच्या भेटीस गेले, आणि मोडण्याचा नाद सोडून प्रांतासाठी चांगल्या अटी मिळविण्यास त्यांनी साह्य करावे, अशी त्यांनी त्यांची समजूत घातली. इंग्लंडच्या सरकारने हाउंची मागणी फेटाळल्यावर हाउंसही तोच मार्ग दिसू लागला. प्रांतास अधिक रक्कम मिळाली, आणि १८६९ च्या आरंभी हाउ मंत्रिमंडळात गेले. टपर ह्यांस मंत्रिपद मिळाले ते त्यांच्या मागून, १८७० मध्ये. आपल्या शत्रूस आपल्याआधी आत घेऊन स्वतः दाराबाहेर उभे राहणारे पुढारी किती असतात, ह्याचा वाचकांनीच विचार करावा.

१८६९ च्या डिसेंबरातील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. टपर ह्यांची कन्या एमा आपल्या पतीबरोबर पश्चिमेकडील रेड रिव्हर प्रदेशात निघाली होती. तेथे लुई रिएल ह्यांच्या नेतृत्वाखाली मेटी लोकांनी उठाव केल्यामुळे ती मंडळी सरहद्दीवरच अडकली, आणि त्यांचे सामान रिएलच्या लोकांनी अडकवून ठेविले. बातमी कळताच अठ्ठेचाळीस वर्षांचा हा बाप ऐन हिवाळ्यात निघाला, आणि बर्फाने झाकलेले माळरान ओलांडून मुलीपर्यंत पोहोचला. तेथून तो फोर्ट गॅरी येथे रिएलच्या ठाण्यात गेला, त्यास भेटला, मुलीचे सामान सोडवून घेतले आणि तिला घेऊन परत आला.

राजकारणाच्या ह्या धामधुमीतही वैद्यकी सुटली नव्हती. ऑक्टोबर १८६७ मध्ये क्वीबेक शहरी देशातील डॉक्टर एकत्र जमले आणि त्यांनी कॅनडियन मेडिकल असोसिएशन ही संस्था स्थापिली. तिचे पहिले अध्यक्ष म्हणून त्यांनी टपर ह्यांची निवड केली, आणि १८७० पर्यंत ते त्या पदावर होते. १८७३ मध्ये पॅसिफिक रेल्वेच्या मक्त्यासाठी पक्षाने पैसे घेतल्याचे प्रकरण बाहेर येऊन मॅकडोनाल्ड ह्यांचे सरकार पडले. हा डाग त्यांच्या पक्षास लागला तो लागलाच. सत्ता गेल्यावर टपर ह्यांनी काय केले? दवाखान्याची पाटी पुन्हा लाविली, आणि ऑटावा व टोरोंटो येथे रोगी तपासू लागले. लोकसभेत त्यांच्या आसनाखाली औषधांची पिशवी नेहमी असे, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

१८७८ मध्ये पक्ष परत सत्तेवर आला. १८७९ पासून टपर हे रेल्वे व कालवे खात्याचे मंत्री होते. अटलांटिकच्या बाजूस पॅसिफिक महासागराशी जोडणारी कॅनडियन पॅसिफिक रेल्वे ह्याच काळात बांधली गेली. तिचा करार १८८० मध्ये झाला. १८८४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली, तेव्हा सव्वादोन कोटी डॉलरांचे कर्ज तिला मिळवून देण्यात टपर ह्यांचा मोठा हात होता. ७ नोव्हेंबर १८८५ रोजी शेवटचा खिळा ठोकला गेला. पुढे ते लंडनमध्ये कॅनडाचे हायकमिशनर होते, मध्यंतरी ते अर्थमंत्रीही झाले, आणि १८८८ मध्ये त्यांस बॅरोनेट हा किताब मिळाला.

आयुष्याच्या संध्याकाळी शाळेच्याच प्रश्नाने त्यांची पुन्हा गाठ घेतली. मॅनिटोबा प्रांताने १८९० मध्ये कॅथलिक शाळांची सरकारी मदत बंद केली होती. अल्पसंख्य लोकांस राज्यघटनेने दिलेले संरक्षण मोडू द्यावयाचे काय, हा वाद सर्व देशात पेटला, आणि त्यात हुजूर पक्ष दुभंगला. चौऱ्याहत्तर वर्षांचे टपर लंडनहून परत बोलाविले गेले. मॅनिटोबाच्या कॅथलिकांस शाळा परत देणारे विधेयक त्यांनी लोकसभेत नेटाने लढविले. स्वतः ते प्रॉटेस्टंट. त्यांच्या पक्षातील पुष्कळ प्रॉटेस्टंट ह्यामुळे त्यांजवर रुष्ट झाले. विधेयक मंजूर होण्यापूर्वीच सभागृहाची मुदत संपली. १ मे १८९६ रोजी टपर कॅनडाचे मुख्य प्रधान झाले, आणि २३ जूनच्या निवडणुकीत हरले. ज्या क्वीबेक प्रांतातील कॅथलिकांच्या धर्मबंधूंसाठी ते भांडले, त्या प्रांतानेच आपली बहुतेक मते विल्फ्रिड लॉरिए ह्या आपल्या सुपुत्रास दिली! ८ जुलैला टपर ह्यांनी राजीनामा दिला. त्यांची मुख्य प्रधानकी दहा आठवडेही टिकली नाही. कॅनडाच्या इतिहासात इतकी अल्पकालीन कारकीर्द दुसऱ्या कोणाचीही नाही.

१९०० च्या निवडणुकीत त्यांची स्वतःची जागाही गेली आणि ते राजकारणातून निवृत्त झाले. १९१२ मध्ये, पासष्ट वर्षांहून अधिक काळ सोबत केलेल्या पत्नीचा वियोग झाला. ३० ऑक्टोबर १९१५ रोजी इंग्लंडात बेक्सलीहीथ येथे वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्यांनी देह ठेविला. कॅनडाचे राष्ट्र घडविणाऱ्या परिषदांत जे बसले होते, त्यांपैकी ते अखेरचे होते. त्यांचा देह समुद्र ओलांडून हॅलिफॅक्सला आणण्यात आला, आणि सेंट जॉन्स स्मशानभूमीत पत्नीच्या शेजारी त्यांस मूठमाती देण्यात आली.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. टपर ह्यांचे वैद्यकीचे शिक्षण राजकारणात वाया गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. रोग पाहावा, तो लपवू नये, आणि उपाय कडू आहे म्हणून तो टाळू नये, हे ते एडिंबरोस आणि अ‍ॅम्हर्स्टच्या बर्फात शिकले होते. तेच त्यांनी १८६४ मध्ये अंमलात आणले, म्हणून नोव्हा स्कोशियातील गरिबांची मुले शाळेत बसली. रोग्याचा शब्द ऐकून घ्यावा, हा त्याच विद्येचा दुसरा पाठ. तो ते एकदा विसरले, आणि त्याचे फळ त्यांस मतपेटीत मिळाले. विद्या कामी येते ती पुरी वापरली तर. अर्धी वापरली तर ती अर्धेच फळ देते.

आणि पालकांस आमची एवढीच विनंती आहे. शाळेची कोणतीही वर्गणी देताना ती जड वाटणे साहजिक आहे. अशा वेळी नोव्हा स्कोशियातील त्या निपुत्रिक शेतकऱ्याची आठवण करावी, ज्याने कुरकुरत का होईना, दुसऱ्याच्या मुलासाठी शाळापट्टी भरली. त्याचे नाव इतिहासात नाही. परंतु टपर ह्यांच्या कायद्यास यश आले ते त्याच्या पैशाने, हे विसरून चालणार नाही.